चार सातांचा नंबर

नाशिक रोडला बिटको चौकाच्या अलीकडे धनराज गायधनीचं मोबाईलचं दुकान आहे, आणि त्या दुकानात बसून धनराज जगाला अक्कल वाटतो. अक्कल फुकट, कव्हर दीडशे रुपये. कोणाचा फोन तापतो, कोणाची बॅटरी टिकत नाही, कोणाला लेकासाठी नवा घ्यायचाय, सगळे त्याच्याकडे येतात. तो गिऱ्हाइकाचा फोन मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत उचलतो आणि आधी विचारतो, "हा कोणी घ्यायला लावला तुम्हाला?" एवढं विचारलं की समोरचा माणूस आपोआप खजील होतो आणि पुढचं सगळं ऐकून घेतो. नोटप्रेसमधून निवृत्त झालेले साहेब लोकसुद्धा ऐकून घेतात. त्याची बायको मीना तर एकोणीस वर्षं ऐकून घेत होती. घर दुकानाच्याच वर असल्यामुळे तिला ते जेवतानाही ऐकावं लागे.

जूनमध्ये धनराजचा मावसभाऊ गोरक्ष अमेरिकेहून आला आणि येताना त्याच्यासाठी फोन घेऊन आला. त्या फोनला सिम घालायला खाचच नव्हती. तिकडे म्हणे हल्ली असेच फोन विकतात, नंबर कंपनीकडून हवेतूनच आत येतो. धनराजने आपला नंबर त्यात उतरवून घेतला, जुना फोन दुकानात विकायला ठेवला आणि पुढचा महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच खेळ दाखवला. नवा फोन काचेवर ठेवायचा आणि म्हणायचं, याची सिमची खाच शोधा, सापडली तर फोन तुमचा. लोक फोन उलटासुलटा करत आणि तो कृतार्थ चेहऱ्याने बघत बसे. दुसऱ्याच्या कर्तबगारीवर इतका खूश झालेला माणूस मीनाने दुसरा पाहिला नव्हता.

त्यातच त्याचं चीनला जायचं ठरलं. मुंबईचा एक एजंट दहा-बारा दुकानदारांना शेन्झेनच्या घाऊक बाजारात घेऊन जाणार होता. कव्हर, चार्जर, काचा, सगळं उगमावरच घ्यायचं. धनराजने दुकानात पासपोर्ट अशा जागी ठेवला की गिऱ्हाइकाला तो दिसलाच पाहिजे.

निकिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. बारावी झालेली, प्रवेशाची वाट बघत असलेली, आणि वडील जे न वाचता सांगतात ते वाचून बघायची खोड असलेली. जेवताना तिने हळूच विषय काढला. चीनमध्ये व्हॉट्सअॅप आणि गूगल बंद असतं. आपलं इथलं सिम रोमिंगवर ठेवलं तर ते चालतं, पण तिथलं सिम घेतलं की गेलं. आणि पप्पांना तर तिथलं सिम घेताच येणार नाही, कारण तिथे परक्या माणसाला दुकानात मिळतं ते कार्डाचं सिम, आणि पप्पांच्या फोनला खाच कुठे आहे? शिवाय तिथे चहावाल्यालाही पैसे अॅपवरून द्यावे लागतात. ते अॅप इथूनच चालू करून घ्यावं, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार कुठे?

धनराजने भाकरी मोडता मोडता तिच्याकडे दयेने पाहिलं. "ज्या देशात जगाचे फोन बनतात, त्या देशात माझा फोन चालणार नाही? अगं, तो तिथेच जन्मलाय. माहेरी चाललाय तो."

निकिता म्हणाली, निदान रोमिंगचा पॅक तरी घ्या. त्यावर रोमिंग म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा, आणि दरोड्याला बळी पडतात ते अडाणी, असं त्याने समजावून सांगितलं. मग गाडी निकिताच्या शिक्षणाकडे वळली, कारण तो वाद हरायला लागला की गाडी तिकडेच वळायची. तिला पुण्याच्या सरकारी कॉलेजात टेलिकम्युनिकेशनला जायचं होतं. चार वर्षं घालवून शेवटी मोबाईलच ना, त्यापेक्षा खाली दुकानात बस, सहा महिन्यांत तयार करतो, हे त्याचं म्हणणं होतं. निकिताने ताट उचललं. मीनाला वाटलं, आपण काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पण बोलायची सवय मोडली की जीभही जड होते.

गुरुवारी धनराज गेला. विमानतळावरून त्याने काचेच्या भिंतीसमोरचा स्वतःचा फोटो पाठवला आणि त्यानंतर त्याचा आवाज बंद झाला. शुक्रवार गेला, शनिवार गेला. व्हॉट्सअॅपवर एकच टिक. फोन लावला की बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुकान मीना सांभाळत होती. तिला तीनदा एका परदेशी नंबरावरून फोन आला, प्लस शहाऐंशीने सुरू होणारा. तिन्ही वेळा तिने तो कापला आणि शेवटी ब्लॉक केला. अनोळखी परदेशी नंबर कधी उचलायचा नाही, उचलला की खातं रिकामं, हे धनराजने घरी तर बजावलं होतंच, पण दुकानात लाल अक्षरांत फलकही लावला होता. त्याच्या आयुष्यात कोणी त्याचा सल्ला इतका तंतोतंत पाळला नसेल. निकिताने रविवारी सांगितलं की शहाऐंशी म्हणजे चीन. मग ब्लॉक काढून मीनाने उलटा फोन लावला, तर पलीकडून एक बाई तिकडच्या भाषेत काहीतरी बोलली आणि त्या बाईनेच फोन ठेवून दिला. ती एजंटची तिथली वाटाडी होती, हे नंतर कळलं.

त्याच रविवारी दुपारी प्रवेशाची यादी लागली. निकिताला पुणे मिळालं. सरकारी कॉलेज, टेलिकम्युनिकेशन, पहिलीच पसंती. पोरगी ओरडली नाही, नाचली नाही, स्वयंपाकघरात येऊन आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून नुसती उभी राहिली. मीनाला भरून आलं. एवढा आनंद त्या घरात फार दिवसांनी आला होता, आणि तोही गाजावाजा न करता.

जागा मिळाली की मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत पोर्टलवर ती स्वीकारायची होती, नाहीतर ती पुढच्या नंबराला जाणार होती. निकिताने लॉगिन केलं, बटण दाबलं. स्क्रीनवर आलं की नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. नोंदवलेला मोबाईल, शेवटी ओळीने चार सात.

चार सात म्हणजे धनराज. तो नंबर त्याचा मानबिंदू होता. घरात कसलाही फॉर्म भरायचा असला की नंबराच्या रकान्यात चार सात. गॅसला चार सात, वीजबिलाला चार सात, मीनाच्या स्वतःच्या बँक खात्याला चार सात. तिच्याकडे फोन होता, नंबर होता, पण तो फॉर्मावर लिहायच्या लायकीचा नव्हता. बँकेत उभं राहून तिने किती वेळा नवऱ्याला फोन लावला असेल की अहो, ओटीपी आला का, आणि तो गिऱ्हाइकासमोर मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, थांब जरा, बघतो. बाईचे पैसे, बाईची सही, आणि मधे सहा आकडी परवानगी नवऱ्याची. निकिताच्या प्रवेशाचा फॉर्मही त्यानेच भरायला लावला होता आणि नंबर त्याचाच, कारण पोरींचे नंबर फॉर्मावर टाकू नयेत, कोणीही फोन करतं.

तर तो मानबिंदू आता शेन्झेनच्या कुठल्यातरी हॉटेलात, खाच नसलेल्या फोनात, मुका होऊन पडला होता.

सोमवारी सकाळी मायलेकी प्रवेशाच्या सुविधा केंद्रात गेल्या. खिडकीमागच्या सरांनी सांगितलं की नंबर बदलता येतो, त्यासाठी जुन्या नंबरावर ओटीपी येतो. निकिताने विचारलं, जुना नंबर बंद असेल तर? सर म्हणाले, तर तो चालू करून घ्यायचा. मग त्यांनी चष्मा वर करून मीनाला विचारलं, मुलीचा स्वतःचाच नंबर का नाही टाकला? मीना म्हणाली, यांचा नंबर जास्त चांगला होता. हे बोलल्यावर तिला स्वतःचीच कीव आली.

रिक्षात निकिता रडली नाही. दुकानाचं शटर वर करताना मीनाला धनराजचा राग येत होता. काउंटरवर बोटाचा ठसा घ्यायचं छोटं यंत्र होतं. नवं सिम देताना गिऱ्हाइकाचा अंगठा त्यावर लावून घेतात. ते पुसता पुसता तिचा हात थांबला.

महिनाअखेर आली की कंपनीचा सेल्समन धनराजच्या मागे लागायचा, इतकी सिम गेलीच पाहिजेत. कमी पडली की धनराज जिन्यातून हाक मारायचा, मीना, ये गं, अंगठा लाव. ती कणकेचा हात धुऊन खाली यायची, अंगठा लावायची आणि वर जायची. सिम कशाचं, कोणाचं, तिने कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम चालत नाहीत. धनराजचे नऊ तर त्याच्या पहिल्याच वर्षात भरले होते. मग चार सातांचा नंबर त्याने घेतला, तो गेल्या सहा-सात वर्षांतला. तो कोणाच्या नावावर घेतला असेल?

तिने निकिताला हाक मारली. आपल्या नावावर कोणते नंबर आहेत ते दाखवणारी सरकारी साइट आहे, तिथे मीनाचा साधा, बिनकामाचा नंबर घातला. ओटीपी लगेच आला. यादी उघडली. मीना धनराज गायधनी यांच्या नावावर नऊ नंबर होते, आणि सहावा होता शेवटी चार सात.

निकिता हसली. मीनाला हसू येत नव्हतं. तिला लाज वाटत होती. सहा-सात वर्षं तो माणूस तिच्या नावाचा नंबर खिशात घालून तिच्यावरच रुबाब करत होता, आणि ती दरवेळी बँकेतून त्याला अहो म्हणत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसाही तिचा आणि वळसाही तिलाच.

मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या दुकानात, म्हणजे गॅलरीत, राकेश नावाचा मुलगा काउंटरवर होता. त्याने आधार पाहिलं, अंगठा घेतला, स्क्रीनवरचा फोटो आणि समोरची बाई ताडून पाहिली. मीनाने सांगितलं की या नंबराचा फोन बंद पडलाय, कार्डाचं सिम द्या. ते खोटं नव्हतं. अर्ध्या तासात नंबर चालू झाला, फक्त राकेशने एक गोष्ट बजावली. सिम बदललं की चोवीस तास मेसेज येत नाहीत, फसवणूक होऊ नये म्हणून. फोन येतील, मेसेज उद्या अडीचला. निकिताने मनात हिशेब केला. अडीच ते पाच, अडीच तास हातात.

मंगळवारी सकाळी साडेअकराला दुकानात फोन वाजला. नंबर आपल्याकडचा, नाव चंदर. हा सटाण्याचा दुकानदार, धनराजबरोबर त्याच विमानाने गेलेला. त्याच्याकडे तीन वर्षांपूर्वीचा, कोपरा फुटलेला फोन होता आणि त्यात साधं सिम, जायच्या आधी बायकोने हट्टाने रोमिंगचा पॅक मारून दिलेला. त्याचं व्हॉट्सअॅप चालत होतं, नकाशा चालत होता, सगळं चालत होतं.

"काही काळजी करू नका वहिनी, भाऊ इथेच शेत," तो अहिराणी वळणाने म्हणाला. मग आवाज दाबून त्याने थोडक्यात हकिकत सांगितली. पहिल्या दिवशी भाऊ सिमच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने सिम आणलं, सिमची टाचणी आणली आणि खाच शोधत फोन चारी बाजूंनी फिरवला. मग तिने दुसरीला बोलावलं, दुसरीने मॅनेजरला. तिघांनी मिळून शोधली. शेवटी मॅनेजरने हात जोडून फोन परत दिला. चहाच्या गाडीवर भाऊंनी नोट पुढे केली, तर त्या बाईकडे सुटे नव्हते, तिने भिंतीवरचा क्यूआरचा चौकोन दाखवला. चार दिवस भाऊ चंदरच्या मागे मागे फिरताहेत, पण त्याच्या फुटक्या फोनवरून घरी बोलायला आजवर तयार नव्हते, आणि जिथे तिथे सांगताहेत की या देशाचं नेटवर्कच भंगार आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. चंदरने हे म्हटलं नाही, मीनाने मनात म्हटलं.

मग धनराजने फोन हिसकावला. तो कसा आहेस म्हणाला नाही.

"तू माझ्या नंबरला हात लावलास?"

त्याला अखेर रोमिंगचा दरोडा पत्करायची बुद्धी झाली होती. चंदरच्या फोनवरून त्याने कंपनीला फोन केला, तर तिथून सांगितलं की हे सिम काल बदललंय, आणि तुम्ही ग्राहक नाही, ग्राहक मॅडम आहेत. मीनाने निकिताचं सांगितलं. पाचची मुदत, अडीचला येणारा ओटीपी, सगळं शांतपणे सांगितलं.

"ते राहू दे," धनराज म्हणाला. "आत्ताच्या आत्ता गॅलरीत जा आणि नंबर माझ्या फोनवर परत टाकायला लाव. बँकेच्या कार्डाचा ओटीपी येत नाही म्हणून माझा माल अडकलाय. उद्या परत निघायचंय. प्रवेश काय, पुढच्या फेरीत होईल."

"पुढच्या फेरीत ही जागा नसेल."

"मग दुसरी घेईल. नाहीतर दुकान आहेच."

मीनाला राग चढला. आवाज मात्र तिचा चढला नाही. तिने सांगितलं की आता सिम बदललं तर पुन्हा चोवीस तास मेसेज बंद. तिला मिळणार नाही आणि त्यालाही मिळणार नाही. त्याचा माल सुटायचा नाही आणि पोरीची जागा मात्र जाईल.

धनराजने विचारलं, "कोणी सांगितलं तुला चोवीस तासांचं?"

"सिम बदलायला गेलं की सांगतात. आपल्या दुकानातही सांगायला पाहिजे. तुम्ही सांगत नाही."

पंधरा वर्षं सिम विकणाऱ्या माणसाला हा नियम माहीत नव्हता. हरल्यावर जे उरतं तेच त्याने बाहेर काढलं. "मला काही ऐकायचं नाही. तो नंबर माझा आहे."

"नंबर माझ्या नावावर आहे," मीना म्हणाली. "अंगठा तुम्हीच लावून घेतलात. पाचपर्यंत मी तो कोणाला देणार नाही."

तिने फोन ठेवला. एकोणीस वर्षांत तिने त्याचं बोलणं अर्धवट तोडलं नव्हतं. समोर एक बाई काच लावून घ्यायला आली होती, तिला तिने बसायला स्टूल दिलं आणि काच लावली. एक बुडबुडा राहिला, तोही नखाने काढला.

अडीच वाजले. मेसेज नाही. पावणेतीन झाले, तीन झाले. निकिता पोर्टल उघडून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी बटण दाबत होती. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन खणाणला आणि मेसेज धडाधड यायला लागले. गॅस सिलिंडर निघाल्याचा, वीजबिलाचा, मीनाच्या खात्यातून काय गेलं त्याचा. तिच्या संसाराची सगळी खबर इतकी वर्षं त्या नंबरावर येत होती, आणि ती खबर तिने आज पहिल्यांदा स्वतः वाचली. मग सहा आकडे आले. मीनाने ते मोठ्याने वाचले. एकदा वाचले, आणि चुकू नये म्हणून पुन्हा वाचले. निकिताने टाकले. हिरवी खूण आली, जागा स्वीकारल्याची पावती आली. त्यानंतर पोरगी रडली, तीन दिवसांचं साठलेलं. रडता रडताच तिने नंबर बदलायचं पान उघडलं आणि स्वतःचा नंबर टाकला. मीनाने तिला त्याचाही ओटीपी वाचून दिला.

चारला चंदरचा फोन पुन्हा आला. या वेळी धनराजचा आवाज बराच खाली होता. हॉटेलचा एसी किती थंड आहे ते त्याने सांगितलं, जेवण कसं बेचव आहे ते सांगितलं, एजंटला दोन शिव्या दिल्या. मीना ऐकत होती. ती एका प्रश्नाची वाट बघत होती. तिने मनाशी ठरवलं होतं की त्याने एवढं एक विचारलं, तर आपण बाकी सगळं सोडून देऊ. तो चार्जरबद्दल बोलला, मग काचांबद्दल बोलला.

"बरं, मग आता नंबरचं काय?" तो म्हणाला.

"पोरीचं झालं का, हे तुम्ही अजून विचारलं नाही."

"तेच विचारतोय. झालं ना?"

"झालं. तुमचा फोन तिथे चालणार नाही, हे जिला न शिकताच कळलं होतं, ती आता चार वर्षं तेच शिकायला चाललीय. तुम्ही परत आलात की तिला स्टेशनवर सोडायला या."

"येतो की," धनराज म्हणाला, आणि जरा थांबून, जवळजवळ गिऱ्हाइकासारखा, "आणि नंबर?"

मीनाने समोरच्या नऊ नंबरांच्या यादीकडे पाहिलं. "त्यासाठी अर्ज करावा लागतो," ती म्हणाली. "आधार घेऊन माझ्याकडे या, मग बघते."